ब्लू-स्पॉट जॉफिश या माशाच्या नावावर माझे 39,050 रुपये गेले. तुमचे जाऊ देऊ नका

घरी खाऱ्या पाण्याची टाकी असलेल्या प्रत्येकाने हे वाचावं, आणि मुंबई-पुण्याबाहेरच्यांनी तर नक्कीच. आपल्याकडे समुद्र जवळ नाही, धड दुकान जवळ नाही. मासा मागवायचा तर फोनवरच मागवावा लागतो, आणि मासा विकतो सांगून फसवणाऱ्या लोकांचं सगळं दुकान आपल्या याच अडचणीवर चालतं.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तो हा भाग. इथे आरओच्या पाण्यात मीठ कालवून मासे पाळतो म्हटल्यावर लोक काय काय बोलतात ते मला तोंडपाठ आहे. आरओचं वाया जाणारं पाणी मी कूलरला आणि फरशीला वापरतो, एक बादलीही गटारात जात नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे पोलीस ठाण्यातही मला हेच ऐकवलं गेलं.

टाकी चार फुटी, अडीचशे लिटरची. जॉफिशसाठी तळ मुद्दाम नव्याने भरला होता. हा मासा वाळूत उभं बीळ खणतो आणि शिंपल्याचे, दगडाचे तुकडे तोंडात धरून आणून त्याच्या भिंती बांधतो. नुसती बारीक वाळू टाकली तर बीळ ढासळतं. म्हणून बारीक वाळू, जाड वाळू, शिंपल्यांचे तुकडे आणि प्रवाळाचा चुरा मिळून पाच इंचांचा थर केला. दचकला की तो टाकीबाहेर उडी मारतो, म्हणून वर बारीक जाळी बसवली. ब्लू-स्पॉट हा मेक्सिकोजवळच्या कॅलिफोर्नियाच्या आखातातला. त्याला आपल्या नेहमीच्या रीफ टाकीपेक्षा, म्हणजे प्रवाळांच्या टाकीपेक्षा, थंड पाणी मानवतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो, म्हणून टाकीचं पाणी गार ठेवणारा चिलर घेतला आणि 24 अंशांवर लावला. तयारी अशी पूर्ण होती, फक्त मासा यायचा होता. हौसेपोटी डोळे झाकून पैसे फेकणारा माणूस मी नाही, हे यावरून समजावं.

विक्रेत्याने स्वतःच मेसेज केला. एका ग्रुपवर मी जॉफिशची चौकशी केली होती, तिथून त्याने माझा नंबर उचलला असणार. मुंबईत दुकान आहे म्हणाला. सुरेख व्हिडिओ पाठवला: पिवळसर-तपकिरी अंगावर निळे ठिपके, बिळातून डोकं बाहेर काढून टकमका बघणारा मासा. किंमत 24,500. मी म्हणालो, आत्ता व्हिडिओ कॉलवर दाखवा. त्यावर तो म्हणाला, ‘दादा, आता रात्र झाली. तो बिळाच्या तोंडावर दगड ओढून आत बसतो. सकाळी दाखवतो.’

जॉफिश खरंच असं करतात. ज्याला एवढं माहीत आहे त्याने हा मासा पाळलेलाच असणार, असं कोणालाही वाटलं असतं, मलाही वाटलं. सकाळी पुन्हा विचारलं तर म्हणाला, आत्ताच पाणी बदललंय, बुजून आत गेलाय. हेही पटण्यासारखंच. माशाच्या लाजरेपणाच्या आड हा माणूस लपला होता, आणि मासा कधी त्याच्याकडे नव्हताच. जिवंत मासा कॉलवर दाखवत नाही त्याला एक रुपया देऊ नका, कारण कितीही खरं वाटो.

मी अर्धे पैसे पाठवले, 12,250. यूपीआयवर वेगळंच नाव आलं. ‘भावाचं खातं आहे,’ म्हणाला. छोट्या धंद्यात हे सर्रास चालतं. आमच्या इथला खतवालासुद्धा पोराच्या नंबरवर पैसे घेतो.

आता ज्या ठिकाणी खटकायलाच हवं होतं ते सांगतो. आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. उरलेले पैसे पाठवण्याआधी मी त्याला सरळ विचारलं, मासा किती तापमानाला ठेवलाय? मला माझी टाकी तेवढ्यावर आणून ठेवायची होती. त्याने क्षणाचाही विचार न करता उत्तर दिलं: ‘28-29, दादा. मस्त खातोय.’

28-29! ब्लू-स्पॉटला! माझा हात चिलरवर होता, काट्यावर 24 दिसत होतं. ज्या कारणासाठी मी चिलर घेतला, तेच कारण हा माणूस एका वाक्यात पुसून टाकत होता. मी त्याला म्हणालोसुद्धा, ‘अहो, याला थंड पाणी लागतं ना?’ तर म्हणाला, ‘आपल्या हवेची सवय लावलीय त्याला, म्हणून तर गॅरंटी देतो.’ आणि मी उरलेले 12,250 पाठवले. का पाठवले? कारण चांगल्या चांगल्या दुकानांतली पोरंसुद्धा तापमानाबद्दल काहीही ठोकून देतात, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंय. चुकीचं उत्तर देणारा दुकानदार चोर असतो असं नाही. शिवाय अर्धे पैसे आधीच त्याच्याकडे अडकले होते. तरीही ते उत्तर सगळं सांगून गेलं होतं. त्याने माझ्या टाकीबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. वाळू किती खोल, झाकण आहे का, सोबत कोणते मासे आहेत, काही नाही. खरा विक्रेता हे आधी विचारतो, कारण मासा मेला तर शिव्या त्याला बसतात.

मग विमानाचं भाडं आणि थर्माकोलचा डबा, 4,800. छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळावरून मी डबा घ्यायचा असं ठरलं. गाडी सांगितली, घरी बॅटरीचा एअर पंप चार्जिंगला लावला. निघायच्या आदल्या रात्री फोन आला: ‘डबा क्वारंटाईनला अडकलाय. 9,750 भरा, माल सुटला की परत मिळतात.’ सोबत शिक्का मारलेलं प्रमाणपत्र. आणि पुढचं वाक्य: ‘दादा, पिशवीतला ऑक्सिजन संपत आलाय. सकाळपर्यंत टिकणार नाही तो.’

विमानतळावरचं क्वारंटाईन परदेशातून येणाऱ्या माशांसाठी असतं. मुंबईच्या दुकानातून संभाजीनगरला येणाऱ्या डब्याचा त्याच्याशी काय संबंध? दिवसा शांतपणे विचारलं असतं तर हे मी कोणालाही सांगितलं असतं. पण पिशवीत गुदमरणारा मासा डोळ्यांसमोर आणला की मासे पाळणारा माणूस हिशोब करत नाही. आपल्या मायेलाच हे लोक वेठीला धरतात. जीव जातोय असं सांगून पैसे मागितले की तिथेच फोन ठेवा.

पैसे गेल्यावर लगेच विम्याचे 12,500 मागितले, तेही ‘परत मिळणारे’. तेव्हा मी थांबलो. पैसे परत मागितले तर आवाज बदलला: ‘तुमच्या टाकीत कोरल आहेत ना? वनखात्याला फोटो पाठवतो.’ दगडी प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत हे खरं आहे. माझ्या टाकीत सुके दगड आणि नकली प्रवाळ आहेत, म्हणून मी घाबरलो नाही. पण या एका धमकीवर किती जण गप्प बसले असतील! टाकीचे फोटो अनोळखी माणसाला पाठवूच नका.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, तक्रार नोंदवली, तक्रारीचा क्रमांक मिळाला. ज्यांचे पैसे आत्ताच गेलेत त्यांनी वाचन सोडून आधी हा फोन करावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत जातात, त्याआधी जे गोठवता येईल तेवढंच हाती लागतं. माझे 3,200 एका खात्यात गोठले आहेत. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणतात.

आणि मग ठाणं. समोरच्या हवालदारांनी विचारलं, ‘मासा म्हंजे खायचा का?’ नाही म्हटल्यावर शेजारच्याला हाक मारून ऐकवलं, ‘एका माशाला चाळीस हजार घालायलेत बघा. चार शेळ्या आल्या असत्या की हो.’ लोकांना प्यायला पाणी नाही आणि यांचे शौक, हेही झालं. मी हात जोडून सांगितलं, साहेब, शौक माझा, पैसा माझ्या कष्टाचा, चोरी तर चोरीच ना? एफआयआर नाहीच. साध्या अर्जावर शिक्का. ‘आरोपी मुंबईचा, तिकडं जावा.’ भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठेही घडला असला तरी ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते. मी त्याची प्रत काढून नेली, ती न वाचताच परत सरकवली. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिक्षा कोणाला होणार, गुन्हाच लिहून घेत नसतील तर? कोणाची म्हैस चोरीला गेली तर म्हैस कशाला पाळली असं विचारतात का? मग मला का विचारलं?

बँकेची तऱ्हा वेगळी. ‘पिन तुम्हीच टाकला, आमचा काय दोष?’ मी नुकसानभरपाई मागतच नव्हतो. ज्या बँकेत पैसे गेले तिला पत्र लिहा एवढंच म्हणत होतो. मॅनेजर मीटिंगमध्ये, मग जेवायला, मग रजेवर. लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. तोंडी बोललेल्याला तिथे काही किंमत नाही.

मी आता पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवलाय. ठाण्याने नोंद घेतली नाही तर तोही हक्क कलम 173 मध्येच आहे. त्या व्हिडिओत बिळाच्या डाव्या बाजूला पांढरा पंख्यासारखा शिंपला आहे आणि मागची काच काळी आहे. तुम्हालाही तोच आला असेल तर पैसे पाठवू नका. पाठवले असतील तर लाजू नका, स्क्रीनशॉट पुसू नका, आपापल्या ठाण्यात अर्ज द्या आणि त्यात क्वारंटाईनच्या 9,750 चा उल्लेख करा. एकट्याचा अर्ज बाजूला सारता येतो, पण त्याच व्हिडिओचे, त्याच रकमेचे अर्ज चार जिल्ह्यांतून आले तर त्यांना ते एकत्र जोडावेच लागतील.