‘नवा’ मास्टर सिलिंडर: ४,८५० रुपयांचा चुना

साताऱ्यात ब्रेकचं काम काढणाऱ्यांनो, हे वाचा. बिल असं: मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पार्ट) नवा ३,४००, ब्रेक ऑइल ५५०, मजुरी ९००. एकूण ४,८५०, तेही कोऱ्या कागदावर. बसवला मात्र जुनाच. पॉलिश पेपरने घासलेला, आत २८० रुपयांचं रबरी वॉशर-सीलचं किट, वरून चंदेरी स्प्रे.

कळायला हवं होतं ते गॅरेजच्या दारातच. ऑइल भरताना ओघळ आला, तो पुसला तर फडक्याला चंदेरी रंग! ब्रेक ऑइल रंग खातं, नव्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला असला स्प्रे नसतो, दोन्ही मला ठाऊक. जुना पार्ट मागितला तर म्हणे ‘भंगारवाला घेऊन गेला’. तेही ऐकून घेतलं. पण पेडल कडक लागत होतं, ब्रेकच्या नळ्यांतली हवा नीट काढलेली होती. अशा वेळी कोण खोलून बघतो?

१९ दिवसांनी यवतेश्वरचा घाट उतरताना पेडल हळूहळू खाली बसायला लागलं. ब्रेकच्या टाकीतलं ऑइल जागच्या जागी. म्हणजे गळती आतल्या आत, वॉशरला वळसा घालून. बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या पोकळ नळीला, आतून कडक थर असतो; पेपर मारला की तो जातो आणि खरबरीत बोअर नवं वॉशरही खातं. खड्डे पडलेल्या बोअरला किट चालत नाही, अख्खा सिलिंडरच बदलायचा.

इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट दाबून धरा. बसत गेलं तर गाडी रस्त्यावर काढू नका. सिलिंडर आणि बूस्टर (पेडलचा जोर वाढवणारा डबा) यांच्या सांध्याला ओल दिसली तर सिलिंडरचं मागचं सील गेलं. ते ऑइल बूस्टरमध्येही उतरतं.

तक्रारीला गेलो तर एका ठिकाणी ‘हे आमचं काम नाही’, दुसरीकडे ‘पक्कं बिल आणा’. पक्कं बिल असतं तर फसलो असतो का? तिसरीकडे तज्ज्ञाचा दाखला हवा. तो देणार कोण? शेजारचा गॅरेजवाला? चार खेपा, प्रत्येक वेळी साहेब जेवायला. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, हे एकानेही सांगितलं नाही.

खोका डोळ्यांसमोर फोडायला लावा, पार्ट नंबर बिलावर घ्या, जुना सिलिंडर डिकीत टाकूनच निघा. आणि सील पेट्रोल-डिझेलने धुताना कोणी दिसला तर तिथेच थांबवा; रबर फुगतं. आधीच फोडलेली ऑइलची बाटलीही नको, ती हवेतलं पाणी ओढते.