आयक्लर घरांच्या छपरावरचा स्प्रे फोम: पैसे वसूल, पण तयारी नीट झाली तरच

जोसेफ आयक्लर यांनी १९४९पासून कॅलिफोर्नियात उभारलेली काही हजार घरं आज पुन्हा मागणीत आहेत. सनीव्हेलचं फेअरब्रे, कुपर्टिनोचं फेअरग्रोव्ह, पालो आल्टोचं ग्रीनमेडो, म्हणजे मराठी वस्ती भरपूर असलेल्या भागातच. घर बघायला येणारे काचेच्या भिंतींवर भाळतात आणि हिवाळ्यात कुडकुडायला लागल्यावर सगळं खापर त्याच काचांवर फोडतात. काच दोषी आहेच, पण छप्पर तिच्याहून मोठं दोषी आहे.

या घरांना माळा नाही, खोटं छतही नाही. आतून दिसतात त्या दीड इंच जाडीच्या, खोबणीत गुंतवलेल्या लाकडी फळ्या, आणि त्यांच्यावर थेट डांबर-खडी. अशा छपराचं आर मूल्य (उष्णता अडवण्याची क्षमता, जितकं जास्त तितकं चांगलं) जेमतेम ३. समजा छप्पर १,६०० चौरस फूट आणि एकेरी काच ४०० चौरस फूट आहे. आत-बाहेर तापमानात एक अंश फॅरनहाइटचा फरक पडला, की छपरातून तासाला साधारण ५३० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) उष्णता जाते, काचेतून ४००. वरून दोन इंच क्लोज्ड सेल फोम, म्हणजे फवारल्यावर फुगून कडक होणारा उष्णतारोधक फेस, मारला (इंचाला आर ६.५ धरू), तर छपराचा आकडा १०० वर येतो. तिसऱ्या इंचाने तो ७१ होतो, बस्स. उलट तेवढीच काच उष्णता परतवणारा लेप (लो-ई) असलेली दुहेरी केली तर ४००चे साधारण १२० होतात. म्हणून परवान्याच्या नियमात जास्त जाडी मागितली नसेल, तर दोन इंचांवर थांबावं आणि उरलेले पैसे काचेकडे वळवावेत.

फोमला पर्याय म्हणजे पॉलिआयसो बोर्ड (उष्णतारोधक फेसाचे तयार तक्ते) आणि वर मेम्ब्रेन (पाणी अडवणारा पातळ थर). बोर्डाची जाडी सगळीकडे सारखी मिळते आणि त्यात वाऱ्या-हवेची कटकट कमी, हे मान्य. पण बोर्ड ठोकायचा तो त्याच दीड इंची फळ्यांत. स्क्रू जरा लांब निघाला की टोक थेट दिवाणखान्यात, नाहीतर वळचणीखाली बाहेर. शिवाय बऱ्याच घरांत छतावरच्या दिव्यांच्या वायरी काँड्यूटमधून (वायरींच्या नळीतून) फळ्यांच्या वरूनच गेलेल्या असतात. बोर्ड प्रत्येक ठिकाणी कोरावा लागतो. फोम काँड्यूटला अंगावर घेऊन बसतो. पाणी साचणारी जागा थोडी उंचावून उतार साधणंही फोमला सोपं.

आता जिथे काम बिघडतं तो भाग. फोम ओल्या लाकडाला धरत नाही. फळ्यांतली ओल १९ टक्क्यांच्या आत आहे हे मीटर लावून, दहा-बारा ठिकाणी, तुमच्यासमोर मोजलेलं असावं. नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात फुगे येतात आणि फुग्याखाली पाणी फिरतं. जुनं डांबर खरवडण्याआधी त्यात ॲस्बेस्टॉस आहे का याची तपासणी करून घ्या. कुजलेल्या फळ्या बहुधा वळचणीच्या टोकाला सापडतात. बदली फळीची खालची बाजू जुन्या फळ्यांशी जुळली पाहिजे, आणि तिला रंग किंवा स्टेन बसवण्याआधीच लावून घ्यावा.

फोम एका थरात अर्धा ते दीड इंच. त्याहून जाड थर आतून तापतो, मग आक्रसतो आणि भेगा पडतात. वारा ताशी १२ मैलांच्या वर गेला की पडदे लावावेत, नाहीतर काम थांबवावं. उडालेले कण शेजाऱ्याच्या गाडीवर बसले तर निघता निघत नाहीत. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा असेल तर उत्तम. लाह्यांसारखा खडबडीत निघाला तर मान्य करू नका, कारण खाचांमध्ये कोटिंग (फोमवरचा संरक्षक थर) पुरत नाही.

कोटिंग त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. उघडा फोम उन्हात पिवळा पडतो, मग भुगा होतो. सपाट छपराला आम्ही सिलिकॉनच सुचवू. साचलेल्या पाण्यात ॲक्रिलिक टिकत नाही. सिलिकॉनचे तोटेही आहेत: ओलं झालं की भयंकर निसरडं, धूळ धरतं, आणि पुढे त्यावर सिलिकॉनशिवाय दुसरं काही चिकटत नाही. जाडी वाळल्यावर किमान २२ मिल हवी (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). एक गॅलन १०० चौरस फुटांवर पसरला की ओली जाडी १६ मिल होते. म्हणजे, वाळताना होणारी थोडी घट धरून, वळचणीसकट २,००० चौरस फुटांच्या छपराला साधारण २९ गॅलन लागतात, खरखरीतपणा धरून पाच गॅलनच्या सात बादल्या. संध्याकाळी रिकाम्या बादल्या मोजा. चारच सापडल्या, तर कंत्राटदाराच्या बोलण्यापेक्षा बादल्यांवर विश्वास ठेवा.

सौंदर्याच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक जागा म्हणजे छपराची कड. या घरांची पातळ, लांब रेघ हीच त्यांची ओळख, आणि कडेपर्यंत दोन इंच फोम नेला की घराने जाड टोपी घातल्यासारखं दिसतं. भिंतीच्या बाहेरच्या वळचणीला उष्णतारोधाची गरजच नाही. भिंतीची रेघ ओलांडली की फोम उतरवत न्यावा, असं कामाच्या कागदावर आकृतीसकट लिहून घ्या.

सोलरचे खांब, हीट पंपाच्या नळ्या, स्कायलाइट हे सगळं फोमच्या आधी. खांब तुळयांत बसवायचे, नुसत्या फळ्यांत नाही. नंतर पाडलेलं प्रत्येक भोक ही गळतीची नवी जागा असते. पक्षी कधीकधी फोम टोचतात. ती छिद्रं वर्षातून एकदा सिलिकॉन सीलंटने भरावीत. दहा ते पंधरा वर्षांनी नवीन कोटिंग, आणि तेव्हा जुना फोम काढावा लागत नाही.