सदाशिव पेठेतली राज्यघटनेची बॅच: राज्यसभा मला इथे कळली

राज्यसेवेचे दोन प्रयत्न झाले. दोन्ही वेळा राज्यघटना पाठ करून गेले आणि दोन्ही वेळा संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीवरचा प्रश्न चुकला. म्हणून सदाशिव पेठेतल्या या क्लासची चोवीस दिवसांची बॅच लावली. फी ४,५०० रुपये, जी मी मेसच्या पैशांतून वाचवून भरली. तरीही सांगते, संसद आणि विधिमंडळाच्या तीन तासांतच ती वसूल झाली.

पहिल्या तासाला सरांनी वर्ग मधोमध विभागला. खिडकीकडचे पंचावन्न जण लोकसभा, दाराकडचे आम्ही पंचवीस राज्यसभा. ५४३ ला २४५, साधारण त्याच प्रमाणात. विधेयक होतं, अभ्यासिकेत रात्री दहानंतर फोन बंद. त्यांनी ते मंजूर करून आमच्याकडे पाठवलं. 'घरून आलेला फोन चालेल' अशी दुरुस्ती आम्ही घातली, ती त्यांनी फेटाळली, आम्हीही हटलो नाही. मग सरांनी संयुक्त बैठक बोलावली, सगळ्यांची मतं एकत्र मोजली आणि आम्ही हरलो. कलम १०८ मला त्या क्षणी समजलं. आजवर या मार्गाने तीनच विधेयकं मंजूर झाली, असं सर म्हणाले: १९६१ चं हुंडाबंदीचं, १९७८ चं बँकिंग सेवा आयोग रद्द करण्याचं आणि २००२ चं पोटा, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याचं.

दुसऱ्या दिवशी धन विधेयक, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाचं विधेयक, आलं. आमच्या हातात चौदा दिवस आणि फक्त शिफारशी, त्याही मानायच्या की नाही हे लोकसभेने ठरवायचं. पण नंतर घटनादुरुस्ती आली. तिला संयुक्त बैठक नाही, प्रत्येक सभागृहात वेगळं विशेष बहुमत लागतं. आम्ही पंचवीस जण अडून बसलो आणि खिडकीकडच्या पंचावन्नांचं काही चालेना. राज्यसभेचं वजन पुस्तकात इतक्या वेळा वाचूनही मला जाणवलं नव्हतं.

तिसरा तास आपल्या विधान परिषदेचा. तिथे विधेयक अडलं तर संयुक्त बैठक नसतेच. परिषद आधी तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा पाठवलं तर आणखी एक महिना थांबवू शकते, त्यापुढे विधानसभेचंच खरं. तरी हे सभागृह शोभेचं नाही हे सांगताना सर वि. स. पागेंवर आले. पागे विधान परिषदेचे सभापती होते आणि रोजगार हमीची कल्पना त्यांची, पुढे १९७७ चा कायदा झाला. माझी आजी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. त्या दिवशी वहीत काही लिहिलंच गेलं नाही.

राज्यसभेवर निवडून यायला लागणाऱ्या मतांचा कोटा सरांनी फळ्यावर काढून दाखवला. २८८ आमदारांनी मत दिलं, प्रत्येक मताचं मूल्य १००, जागा सहा. २८,८०० भागिले सात, अपूर्णांक सोडून अधिक एक, म्हणजे ४,११५. बाबा हायस्कूलला शिक्षक आहेत, विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात मत देतात, तिथेही उमेदवारांना पसंतीचे क्रमांक द्यायचे असतात. जांभळ्या पेनाने ते आजवर फक्त '१' लिहून यायचे. रात्री फोन करून त्यांना सांगितलं की तुमचा उमेदवार बाद झाला तर दुसऱ्या पसंतीचं मत पुढे जातं, ते कोरं ठेवू नका. बाबांनी दोनदा समजावून घेतलं.

खटकलेल्या गोष्टीही सांगायला हव्यात. ऐंशी जणांना खोली अपुरी पडते, मागच्या तीन बाकांवर पंख्याचा वारा पोचत नाही. छापील नोट्समध्ये परिषदेवर आमदारांनी निवडून दिलेले सदस्य ३१ लिहिलेत. खरं ३०, स्थानिक संस्थांचे २२, पदवीधर ७, शिक्षक ७, राज्यपालनियुक्त १२, बेरीज ७८. परीक्षेत असा एक आकडा महागात पडतो, तो पुढच्या छपाईआधी दुरुस्त व्हायलाच हवा. न्यायव्यवस्थेचे तास घाईत उरकले.

कामाला जाणाऱ्यांनी संध्याकाळी सातची बॅच घ्यावी. साडेसहाला पोचलात तर दुसऱ्या बाकावर जागा मिळते आणि तिथून फळा नीट दिसतो.