एनसीएए एलिजिबिलिटी सेंटर: फी भरण्याआधी घड्याळ बघा

अमेरिकन कॉलेजच्या कोचने होकार दिला, स्कॉलरशिपचं पत्र आलं, व्हिसाही झाला, तरी डिव्हिजन वन किंवा टूमधला, म्हणजे कॉलेज खेळांच्या वरच्या दोन स्तरांतला, पहिला सामना खेळण्याआधी एक नाका ओलांडावाच लागतो. तो म्हणजे इंडियानापोलिसच्या एनसीएएचं, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेचं, एलिजिबिलिटी सेंटर, खेळाडूची पात्रता तपासणारं कार्यालय. हा अभिप्राय त्या सेवेबद्दल आहे, २०२५-२६ च्या नियमांवर बेतलेला आणि मुख्यतः टेनिस खेळणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी. बारावीनंतरच्या ‘गॅप’ला सगळ्यांत कमी मुभा टेनिसमध्येच मिळते, म्हणून.

मत आधीच सांगून टाकतो. कागद तपासण्याचं काम हे सेंटर चोख करतं. पण मुलाचं घड्याळ नेमकं कधी सुरू झालं, हे तुमचं तुम्हालाच आधी ओळखावं लागतं. सेंटरचा निकाल हातात येतो तेव्हा चूक दुरुस्त करण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते.

डिव्हिजन वनमध्ये चार हंगाम खेळता येतात आणि ते पाच वर्षांत संपवायचे असतात. ही पाच वर्षं जन्मतारखेवरून मोजत नाहीत. जगातल्या कुठल्याही कॉलेजात पूर्णवेळ प्रवेश घेतला आणि सत्राच्या पहिल्या दिवशी वर्गात बसलं, की काटा फिरायला लागतो. मध्ये शिक्षण सोडलं तरी तो थांबत नाही. म्हणूनच ब्रँडन वीडन शाळेनंतर काही वर्षं व्यावसायिक बेसबॉल खेळून आला आणि २०११ साली, २८ व्या वर्षी, ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघात क्वार्टरबॅक म्हणून खेळू शकला. कॉलेजची पायरी त्याने उशिरा चढली, त्यामुळे काटाही उशिरा सुरू झाला. वेगळ्या खेळात पैसे घेतलेले असले तरी फुटबॉलला ते आड आले नाहीत. टेनिसमधून टेनिसमध्येच जाणाऱ्याला ही सवलत नाही.

आपल्याकडे ‘कॉलेज’ या शब्दामुळे दोन उलटे गैरसमज दिसतात. अकरावी-बारावीलाच घड्याळ सुरू झालं अशी धास्ती काहींना असते. ती सोडून द्या, ज्युनिअर कॉलेज त्यांच्या लेखी शाळाच आहे. खरी फसगत पुढे आहे. ‘अमेरिकेचं नक्की होईपर्यंत एफवायला बसू दे, वर्ष वाया नको’ या सद्हेतूने बीकॉमला प्रवेश घेतला जातो, मुलगा वर्गात जाऊन बसतो आणि पाचातलं पहिलं वर्ष सुरू होतं. वर त्याची गणना नव्या विद्यार्थ्यात न होता बदली होऊन आलेल्यांत होते, म्हणजे नियमांचा दुसराच गठ्ठा लागू. हे लपवण्याच्या फंदात पडू नका. अर्जात आधीच्या सगळ्या शिक्षणसंस्था विचारतात आणि खोटी माहिती दिल्याबद्दलची अपात्रता मूळ चुकीपेक्षा महाग पडते.

आता टेनिसचा सहा महिन्यांचा नियम. बहुतेक खेळांत शाळा संपल्यावर प्रवेशासाठी एक वर्षाची सूट आहे. टेनिसला फक्त सहा महिने, किंवा ते संपल्यानंतर येणारं पहिलं सत्र. महाराष्ट्र बोर्डाचा निकाल मे-जूनच्या सुमारास लागतो. त्यामुळे त्याच वर्षीचा ऑगस्ट किंवा फार तर पुढचा जानेवारी, एवढीच जागा उरते. त्यानंतर घरी राहून आयटीएफचे (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) किंवा एआयटीएचे (अखिल भारतीय टेनिस संघटना) सामने खेळला, तर खेळलेल्या प्रत्येक वर्षामागे एक हंगाम कापला जातो. शिवाय कॉलेजातलं पहिलं वर्ष नुसतं शिकायचं, सामना नाही. त्यासाठी एक सामनाही पुरतो. अधिकृत गुण लिहिले गेले, पंच होता, क्रमवारी ठेवली, प्रायोजक होता, यातलं काहीही असलं तरी तो ‘संघटित’ सामना ठरू शकतो. क्लबची लीगही त्यात येते. ‘एक वर्ष फ्युचर्स (व्यावसायिक टेनिसच्या खालच्या पायरीच्या स्पर्धा) खेळून रँकिंग आणू, मग कोच आपणहून येतील’ हा सल्ला अकादम्यांत सर्रास ऐकू येतो. रँकिंग येईलही, पण चाराचे तीन हंगाम होतील हे सल्ला देणाऱ्याने सोबत सांगायला हवं.

दौऱ्यांमुळे मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, बारावी करणाऱ्यांनी इथे विशेष जपावं. सहा महिने मोजले जातात ते प्रत्यक्ष निकालापासून नव्हे. नववीत पहिल्यांदा बसल्यावर देशाच्या नेहमीच्या क्रमाने बारावी ज्या वर्षी व्हायला हवी होती, त्या तारखेपासून. नववी २०२१ च्या जूनमध्ये सुरू झाली असेल तर अपेक्षित वर्ष २०२५. मुलाने बारावी २०२६ मध्ये दिली तरी हिशेब बदलत नाही. परीक्षा पुढे ढकलून वय लपत नाही, हेच यातलं मर्म.

बक्षिसाच्या रकमेबद्दल थोडक्यात. टेनिसमध्ये कॉलेजपूर्वी वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत बक्षीस घेता येतं आणि त्यापुढे त्या-त्या स्पर्धेच्या प्रत्यक्ष खर्चाएवढंच, असा नियम चालत आला. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची टेनिसपटू रीस ब्रँटमायर हिने २०२४ मध्ये बक्षिसाच्या निर्बंधांविरुद्ध खटला भरला, तेव्हा या आकड्याकडे लक्ष ठेवा. काही झालं तरी रेल्वेचं तिकीट, हॉटेल, एंट्री फी, स्ट्रिंगिंग यांच्या पावत्या स्पर्धेनुसार वेगवेगळ्या पाकिटांत ठेवा. दोन वर्षांनी अंदाजे बेरीज कुणी मान्य करत नाही.

नोंदणी सोपी आहे. मोफत प्रोफाइल उघडून क्रमांक मिळतो, पैसे भरायचं खातं नंतर घेता येतं आणि परदेशी विद्यार्थ्यांना अमेरिकन मुलांपेक्षा जास्त फी पडते. गाडी अडते ती कागदांत. नववीपासून प्रत्येक वर्षाचं गुणपत्रक लागतं. दहावी-बारावीची बोर्डाची पत्रकं घरात जपलेली असतात, पण नववी आणि अकरावीचं प्रगतिपुस्तक कुठे गेलं कुणालाच आठवत नाही. मराठी माध्यमाच्या शाळेचं असेल तर ओळीला ओळ असं प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, सारांश चालत नाही. डिव्हिजन वनसाठी १६ मुख्य विषय-एकक आणि किमान २.३ जीपीए (चारपैकी गुणांची सरासरी), टूसाठी २.२. एसएटी-एसीटीची अट जानेवारी २०२३ मध्ये निघाली, तरी कॉलेज स्वतःच्या प्रवेशासाठी ती मागू शकतं. यातला गोंधळ सेंटरच्या माथी मारू नये.

‘पैसे भरून तीन महिने झाले, काहीच हालचाल नाही’ ही नेहमीची तक्रार, आणि तिचं कारण क्वचितच कुणी सांगतं. एखाद्या कॉलेजने मुलाचं नाव आपल्या मागणी-यादीत घातलं की फाइल पुढे सरकते. कोचशी बोलणं ठरण्याआधी भरलेली फी म्हणजे रांगेत नुसतं उभं राहणं. तेव्हा होकार मिळताच कोचला एकच प्रश्न विचारा: तुमच्या कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसने (एनसीएएचे नियम सांभाळणारं कार्यालय) नाव यादीत घातलं का? आणि घड्याळ, गॅप, बक्षीस याबद्दलचे प्रश्नही त्याच ऑफिसला ई-मेलनेच विचारा. फोनवरचं ‘होऊन जाईल’ पुढे उपयोगी पडत नाही.

मग बातम्यांत दिसणारी सातव्या-आठव्या वर्षाची मंडळी येतात कुठून? कोविडमुळे २०२०-२१ चा हंगाम कुणाच्याच खात्यात धरला नाही, त्यातून मोठी लाट आली. अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या कॅम मॅककॉर्मिकने २०१६ मध्ये ओरेगॉनला प्रवेश घेतला आणि दुखापतींच्या सवलती जोडत २०२४ मध्ये मायामीकडून नववं वर्ष खेळला. डिसेंबर २०२४ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा फुटबॉलपटू डिएगो पाव्हिया याला टेनेसीतल्या फेडरल न्यायालयाने तात्पुरता दिलासा दिला. अमेरिकेतल्या बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजातले (आपली अकरावी-बारावी नव्हे) हंगाम एनसीएएच्या चारात का धरायचे, हा त्याचा मुद्दा होता. त्यानंतर एनसीएएने तशा खेळाडूंना २०२५-२६ साठी सरसकट सूट दिली. पण विस्कॉन्सिन विद्यापीठाचा फुटबॉलपटू नायझियर फूरकरन याला खालच्या न्यायालयाने दिलेली परवानगी जुलै २०२५ मध्ये अपिलात फिरवली गेली. म्हणजे न्यायालयाच्या भरवशावर सहावं वर्ष आखणं हा जुगार आहे, तोही वकिलाच्या फीसकट.

सेंटरमधून निघाल्यावर मिळणाऱ्या मुदतवाढीचे साधे मार्ग कमी आहेत आणि त्यांचा अर्ज मुलगा नव्हे, कॉलेज करतं. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात दुखापत झाली आणि तोवर ठरावीक मर्यादेपेक्षा, साधारण ३० टक्क्यांपेक्षा, जास्त सामने खेळलेले नसले, तर तो हंगाम परत मागता येतो. डॉक्टरांचे कागद मात्र त्याच वेळचे हवेत, वर्षभराने आणलेलं पत्र टिकत नाही. पाच वर्षांचं सहा करायचं तर हाताबाहेरच्या कारणाने दोन हंगाम गेलेले दाखवावे लागतात. लष्करी सेवा, चर्चचं मिशन आणि गर्भारपण यांना वेगळी सूट आहे.

या वाढीव वर्षांचा चटका मात्र आपल्या मुलांना बसतो. खेळाडूंना पैसे देण्यावरून एनसीएएविरुद्ध चाललेल्या ‘हाऊस’ खटल्याच्या जून २०२५ मधल्या तडजोडीनंतर त्यात सामील कॉलेजांत टेनिस संघाला दहाच जागा आहेत. त्यात २३-२४ वर्षांचे, आयटीएफचा अनुभव असलेले खेळाडू राहिले, की अठरा वर्षांच्या मुलासाठी कोचकडे जागा उरत नाही. अशा वेळी डिव्हिजन टू आवर्जून बघा. तिथे पाच सलग वर्षांऐवजी पूर्णवेळची दहा सत्रं मोजतात, मध्ये शिक्षण थांबलं तर काटाही थांबतो. उशिरा प्रवेशाचा हिशेब तिथेही आहेच.

गुण द्यायचे तर कागदपत्रांच्या तपासणीला पाचपैकी चार, मार्गदर्शनाला दोन. ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांना हौशीपणाचं, म्हणजे मुलगा व्यावसायिक खेळाडू नसल्याचं, अंतिम प्रमाणपत्र १ एप्रिलपासून मागता येतं, जानेवारीत जाणाऱ्यांना १ ऑक्टोबरपासून. त्या दिवशी खात्यात जाऊन ते बटण स्वतः दाबावं लागतं. ते राहून गेलं, तर बाकी सगळी फाइल पूर्ण असूनही मुलगा बाकावर बसतो.