गिझरच्या जोडाला काय: पितळी कॉम्प्रेशन फिटिंग की सीपीव्हीसी?

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात बाथरूमची जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाईपाची) लाईन गंजली. लक्ष्मीपुरीत सामान घ्यायला गेलो आणि पहिलाच घोळ मापाचा झाला. ‘अर्धा इंची’ म्हणून तीन पाईप समोर आले: जीआय बाहेरून 21.3 मिमी, सीपीव्हीसी (गरम पाण्याचा प्लास्टिक पाईप) 15.9 आणि तांब्याचा 15. पितळी फिटिंगची रिंग पाईपाच्या बाहेरच्या अंगावर बसते, त्यामुळं 15 ची रिंग 15.9 वर चढत नाही. दुकानात जाताना पाईपाचा तुकडा पिशवीत न्याच.

भिंतीच्या आतल्या लाईनला मी सीपीव्हीसीच घेईन. स्वस्त पडतो, गरम पाणी सोसतो, सोल्युशननं जोड एकजीव होतो. पण पाईप कोरडा हवा. जुना कॉक पूर्ण बंद होत नसेल आणि पाणी झिरपत असेल, तर सोल्युशन धरत नाही. नंतर पाणी सोडायलाही काही तास थांबावं लागतं. आणि जोड चुकला की कापायचाच.

गिझरपाशी मात्र तांब्याचा तुकडा आणि त्यावर पितळी कॉम्प्रेशन फिटिंगच. फिटिंगमध्ये बॉडी, नट आणि मधे रिंग, एवढंच. नट आवळला की रिंग दबून पाईपाला घट्ट धरते. झाळकाम नाही, आग नाही. आमच्या लाकडी तुळयांच्या घरात हे मला फार मोलाचं वाटलं. पाणी लगेच सोडता येतं. उद्या गिझर बदलला तर नट खोलायचा, नवी रिंग घालायची.

जोड फसतो तो घाईनं. पाईप काटकोनात कापा, कडेची कूस काढा, आतल्या अडणीपर्यंत ढकला. नट हातानं बसवा, पेननं खूण करा. मग एका पान्यानं बॉडी धरून दुसऱ्यानं साधारण एक फेरा. आमचा पहिला जोड थेंब थेंब गळायला लागला, तसा प्लंबर आवळतच गेला. खोलून पाहिलं तर रिंगखाली तांब्याचा पाईप कमरेसारखा आत गेलेला! तेवढा तुकडा कापून टाकावा लागला. नटाच्या आट्यांवर टेफलॉन टेपही नको, कारण पाणी रिंग अडवते, आटे नाहीत. गिझरमध्ये फिरवून बसणाऱ्या टोकाला मात्र टेप हवाच.

कंपोझिट पाईप (प्लास्टिकच्या थरांमधे ॲल्युमिनियमचा थर असलेला; 1216, म्हणजे आत 12 आणि बाहेर 16 मिमी) घेणार असाल तर त्याची पितळी फिटिंग वेगळी मिळते. तिच्या आतल्या नळीवर रबरी रिंगा असतात. पाईपाचं तोंड रीमरनं (तोंड गोल करायच्या हत्यारानं) गोल केलं नाही तर त्या कापल्या जातात.

जीआयला जीआयच जोडायचा तर आट्यांवर सुतळी गुंडाळून सफेदा लावायची जुनी पद्धत आहेच, पण गंज पुन्हा येणार.

कॉम्प्रेशनचा नट टाईल्सखाली कधीही गाडू नका. पाना पोचेल असाच ठेवा. आमच्याकडं भिंतीतून सीपीव्हीसीचा पितळी आट्यांचा एल्बो बाहेर काढलाय, त्यावर फिटिंग आणि पुढं वीतभर तांब्याचा पाईप. गिझर दोनदा तापून गार झाला की नटाखाली कोरडा कागद फिरवून बघा. ओल दिसली तर पाव फेरा, जास्त नको.