अपूर्णांकांचा ५१ तुकड्यांचा संच: सहा महिने, एक पावसाळा

जूनमध्ये लेकीच्या पाचवीच्या पुस्तकांबरोबर ६४९ रुपयांना घेतला. आत एका पूर्णाचे सारखे भाग केलेले रंगीत तुकडे असतात, अर्धा, तृतीयांश असे द्वादशांशापर्यंत, आणि ते जोडून बसवायला चौकट. आता थेट तक्रारीवर येते. याचे सहा षष्ठांश मिळून एक होत नाही.

आम्ही भांडुपला तळमजल्यावर राहतो. जुलैत मिठाला पाणी सुटलं आणि हे एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे, तुकडे फुगले. सगळेच थोडेफार, पण पिवळे षष्ठांश जास्तच. पाच बसायचे, सहावा चौकटीत शिरेना. लेक म्हणाली, "आई, ६/६ एकापेक्षा मोठं असतं बघ."

कंपनीला फोन केला, तर "कोरड्या जागी ठेवा मॅडम." जुलैत आमच्याकडे कोरडी जागा एकच, तांदळाचा डबा. ठेवले त्यात. तिसऱ्या दिवशी एक द्वादशांश कुकरमध्ये जाता जाता वाचला. परत करायची मुदत सात दिवसांची, ती कधीच उलटलेली. नुसते सहा पिवळे विकत द्या म्हटलं. हिशोब करून ठेवला होता: तुकड्याला पावणेतेरा, सहाचे साडेशहात्तर, वर कुरिअरचेही देते. "सुटे मिळत नाहीत." तेव्हा इथे एकच तारा द्यायचा असं ठरवून टाकलं होतं.

ऑगस्टमध्ये मत थोडं बदललं. लेक १/२ + १/३ चं उत्तर २/५ काढायची. वरचे वर, खालचे खाली, झाली बेरीज! मी "लसावि काढ, लसावि काढ" म्हणून घसा कोरडा केला, तर तिने छेद ६ केला आणि वर २ तसेच ठेवले. शेवटी वैतागून संच काढला. अर्धा आणि तृतीयांश जोडून ठेवायला लावले, शेजारी तिचे दोन पंचमांश. ते दोघं मिळून नुसत्या अर्ध्याएवढेही भरेनात. बराच वेळ बघत बसली. "मिळवून कमी कसं झालं?" मग अर्ध्यावर तीन पिवळे रचले, तृतीयांशावर दोन. पाच षष्ठांश. कडेने पिवळे बाहेर डोकावत होते. तिने दुर्लक्ष केलं, मला जमलं नाही.

सासूबाईंना हे सगळं थेर वाटतं. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी अजून पाठ. ३/४ + १/२ ला लेक चतुर्थांश मोजत होती तेवढ्यात आतून आवाज आला, "सव्वा!" पण तृतीयांश विचारल्यावर त्या गप्प. त्यांच्या पाढ्यांत तो नाहीच. सोळा आण्यांचे तीन सारखे भाग आण्यांत बसत नाहीत, तर तो येणार कुठून? त्यासाठी मी बेकरीतून लादी आणली. आमच्याकडे सहा पावांची मिळते. अर्धी लादी तीन पाव, तिसरा हिस्सा दोन, उरला एक. त्यावर लेकीची शंका: सहातला एक, मग त्याला पाव का म्हणायचं? बरोबरच आहे तिचं.

गणपतीच्या सुट्टीत नवऱ्याने पिवळ्यांना काचपेपर मारला. आता सहाही बसतात, पण एक जास्तच घासला गेलाय, तिथे फट दिसते. तो तुकडा मला अंधारातही हाताला कळतो.

दिवाळीआधीच्या परीक्षेत ३/४ − १/६ आलं होतं. तिने पाऊण म्हणजे नऊ द्वादशांश, त्यातले दोन काढले, ७/१२ लिहिलं. तुकडे घरीच होते, तरी जमलं. म्हणून तीन तारे. चौथा पिवळ्यांनी घालवला, पाचवा त्या फोनवरच्या मॅडमनी.

घेणार असाल तर पाऊस संपल्यावर घ्या, आणि पार्सल उघडल्या उघडल्या, मुदत आहे तोवर, षष्ठांश जोडून बघा.