डीव्हीडीवरून ब्लू-रेवर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या मंगळवारी ४५० रुपये खात्यात परत जमा झाले, त्यानंतरच मी हे लिहायला घेतले. त्याआधी लिहिले असते तर सगळा मजकूर सेवा केंद्रावरच्या रागाने भरला असता आणि मूळ प्रश्न बाजूला राहिला असता. घरात डीव्हीडींचा बऱ्यापैकी संग्रह असलेल्या माणसाने ब्लू-रे (डीव्हीडीसारखीच, पण अधिक बारीक तपशिलाचे चित्र साठवणारी डिस्क) घ्यावी की नाही, हा तो प्रश्न. प्लेअर ९,४०० रुपयांना घेतला, आतापर्यंत अकरा डिस्क घेतल्या आणि त्यांना ८,२०० रुपये लागले. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात ही रक्कम लहान नाही, म्हणून प्रत्येक गोष्ट तपासून पाहिली आहे. पहिल्या महिन्यातले माझे मत आणि आजचे मत यांत बरेच अंतर आहे, आणि ते कसे बदलत गेले हेही सांगणार आहे.

पहिल्या महिन्यातले मत सरळ होते: पैसे वाया गेले. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या जुन्या घराचा दिवाणखाना लांबट आहे. एका टोकाला ४३ इंची फुल एचडी टीव्ही, दुसऱ्या टोकाला तक्तपोस, आणि मधले अंतर साडेदहा फूट. एकच चित्रपट आधी डीव्हीडीवर आणि मग ब्लू-रेवर लावला, तर चित्रात मला सांगण्यासारखा फरक दिसेना. मग वही घेऊन गणित केले. निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखतो. या टीव्हीच्या पडद्याची उंची सुमारे साडेत्रेपन्न सेंटिमीटर आहे. पाल (युरोप आणि भारतातील दूरचित्रवाणीची पद्धत) डीव्हीडीच्या ५७६ ओळी त्यात बसवल्या तर एक ओळ एका मिलिमीटरपेक्षा किंचित कमी जाडीची होते आणि ती सुमारे ३.२ मीटरपर्यंतच वेगळी दिसते. ब्लू-रेच्या १०८० ओळींपैकी प्रत्येक अर्ध्या मिलिमीटरची, आणि ती पुरती दिसायला १.७ मीटरच्या आत बसावे लागते. साडेदहा फूट म्हणजे ३.२ मीटरच. मी नेमका अशा जागी बसत होतो की जिथे डीव्हीडीच पुरेशी वाटावी. वेताची खुर्ची साडेपाच फुटांवर ओढली तेव्हा साडीच्या काठाची वीण, भिंतीच्या चुन्याचे पोपडे, चेहऱ्यावरचा घाम, सगळे स्वच्छ दिसू लागले. दुकानात आपण टीव्हीसमोर तीन-चार फुटांवर उभे असतो, म्हणून तिथे फरक डोळ्यांत भरतो. तेव्हा घेण्याआधी टेप घेऊन घरचे अंतर मोजावे.

दुसरी तपासणी केबलची. जुना डीव्हीडी प्लेअर पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या केबलने जोडलेला होता आणि नवा एचडीएमआयने. जुन्याच डीव्हीडी नव्या प्लेअरमध्ये लावून पाहिल्या, तर रंगांच्या कडांचे ओघळणे आणि बारीक रेघांचे थरथरणे बरेच कमी झाले. म्हणजे ज्या सुधारणेचे श्रेय मी महागड्या डिस्कला देत होतो, त्यातला मोठा वाटा केबलचा आणि प्लेअरच्या आतील स्केलिंगचा (कमी ओळींचे चित्र जास्त ओळींच्या पडद्यावर बसवण्याच्या क्रियेचा) होता. इथवर माझा सल्ला असा झाला असता की चांगला प्लेअर घ्या, एचडीएमआयने जोडा आणि असलेल्या डीव्हीडीच पाहा.

तो सल्ला तिसऱ्या महिन्यात मागे घ्यावा लागला, आणि कारण चित्राचे नव्हते.

माझी पत्नी घरी गाण्याचे वर्ग घेते. तिचे शिक्षण इथल्याच माधव संगीत महाविद्यालयात झाले आणि स्वराच्या बाबतीत तिचा कान माझ्या कानापेक्षा किती तरी पुढचा आहे. एका जुन्या हिंदी चित्रपटातले रागावर बांधलेले गीत ती विद्यार्थिनींना शिकवते आणि त्यासाठी आमच्याकडची डीव्हीडी लावते. ही डीव्हीडी माझ्या मेहुण्याने विलायतेहून आणलेली. त्याच चित्रपटाची ब्लू-रे मी मागवली आणि एका दुपारी तिला न सांगता लावली. ती स्वयंपाकघरात होती. मुखडा संपायच्या आत हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, गाणं खाली कसं उतरलंय? मशीन हळू चालतंय का?"

मशीन बरोबरच चालत होते. आजवर डीव्हीडीच वेगाने चालत होती.

कारण असे आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो आणि चित्रपटगृहात त्याच वेगाने दाखवला जातो. पाल पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी लागतात. २४ चे २५ करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे सगळा चित्रपटच थोडा वेगाने पळवणे, आणि पाल डीव्हीडी काढताना सर्रास तेच केले गेले. वेग सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. त्याबरोबर आवाजही चढतो, आणि चढण्याचे प्रमाण एका अर्धस्वराच्या (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या) सुमारे सात दशांश इतके असते. काही प्रकाशकांनी आवाज खाली आणून ही चढण दुरुस्त केली. पुष्कळांनी केली नाही. अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीत चौकटी वेगळ्या रीतीने पुन्हा दाखवून हिशेब जमवतात, त्यामुळे तिथे कानाला कळेल इतका स्वर बदलत नाही. ब्लू-रेवर चित्रपट मूळच्या २४ चौकटींनीच साठवता येतो आणि तसाच चालतो.

पेटी पुढे घेऊन पाहिले. ब्लू-रेवर गाणे बरोबर काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीत) लागते. डीव्हीडीवर त्याचा षड्ज काळी चार सोडून वर जातो आणि पांढरी सहाच्या अलीकडे, दोन पट्ट्यांच्या फटीत कुठेतरी राहतो. पत्नी इतकी वर्षे इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची बारीक कळ फिरवून तो षड्ज जुळवत असे आणि पेटी बंद ठेवत असे, कारण पेटीची कोणतीच पट्टी त्याला लागत नसे. जुन्या ध्वनिमुद्रणात असे असायचेच, अशी तिची समजूत होती. विद्यार्थिनीही तशाच गात होत्या, आणि अंतऱ्यातल्या तार षड्जावर एखादीचा गळा ताणला की ती तिला आणखी रियाज कर म्हणून सांगत असे. हे बोलताना तिला फार वाईट वाटले आणि मलाही वाटले. ज्या गायिकेचा आवाज आम्ही आयुष्यभर मनात जपला, तो घरात इतकी वर्षे तिच्या खऱ्या आवाजापेक्षा बारीक आणि किंचित घाईचा ऐकत होतो.

घड्याळ लावूनही पाहिले. ब्लू-रेवर हे गीत पाच मिनिटांचे आहे आणि डीव्हीडीवर चार मिनिटे अठ्ठेचाळीस सेकंदांचे. पूर्ण चित्रपट ब्लू-रेवर १५० मिनिटांचा, डीव्हीडीवर १४४ मिनिटांचा. ही सहा मिनिटे प्रकाशकाने कापली असे मी वर्षानुवर्षे समजत होतो आणि पाहुण्यांनाही तसेच सांगत होतो. प्रत्यक्षात एकही दृश्य गेलेले नाही. लय मात्र गेली होती, आणि ज्या गाण्यात विलंबित ठेक्यावर शब्द टेकवलेले असतात, तिथे चार टक्के फार होतात.

त्यानंतर कपाटातल्या सगळ्या एकसष्ट डीव्हीडी काढून वेष्टनांची मागची बाजू वाचली. चौदा पाल निघाल्या, बाकीच्या एनटीएससी. हिंदी चित्रपटांच्या बहुतेक डीव्हीडी एनटीएससीच होत्या, त्यामुळे त्यांचा स्वर बिघडलेला नव्हता. ज्यांच्याकडे असा संग्रह आहे त्यांनी आधी एवढे काम करावे. त्याला एक पैसा लागत नाही आणि बदलण्याजोग्या डिस्कची यादी एकदम आखूड होते.

या शोधाच्या उत्साहात माझ्याकडून एक चूक झाली. ब्लू-रे म्हटले की स्वर बरोबर असणारच, असे धरून एका संगीतप्रधान चित्रपटाची डिस्क ९९९ रुपयांना मागवली आणि तीही चढीच निघाली. मागे बारीक अक्षरात १०८०आय आणि ५० (सेकंदाला ५० अर्ध्या चौकटी, म्हणजे पालचाच २५ चा वेग) असे छापलेले होते. दूरचित्रवाणीसाठी आधीच वेगाने तयार केलेल्या मास्टरवरून (मूळ प्रतीवरून) अशा डिस्क काढतात, त्यामुळे चित्र एचडी असले तरी वेग जुनाच राहतो. हवी ती डिस्क १०८०पी आणि २४ अशी नोंद असलेली. विक्रेत्यांच्या पानावर ही नोंद क्वचितच असते. मी आता विक्रेत्याला मागच्या बाजूचे छायाचित्र पाठवायला सांगतो आणि छायाचित्र न आल्यास मागणी नोंदवत नाही.

आता ४५० रुपयांविषयी. पाचव्या महिन्यात एक नवीन डिस्क घातली तर पडदा काळा झाला आणि डिस्क वाचता येत नसल्याचा संदेश आला. प्लेअरची वॉरंटी एक वर्षाची होती, म्हणून अधिकृत सेवा केंद्रात नेला. तिथल्या तंत्रज्ञाने झाकण उघडून दोन मिनिटांत निदान केले: ग्वाल्हेरच्या धुळीने पिकअप (डिस्क वाचणारा लेन्स-लेसरचा भाग) खराब झाला आहे, धूळ वॉरंटीत बसत नाही, दुरुस्तीचे ४,२०० रुपये आणि तपासणीचे ४५० आत्ताच भरावे लागतील. उन्हाळ्यातल्या आमच्या आंध्या (धुळीची वादळे) कशा असतात हे मलाही ठाऊक आहे, आणि म्हणूनच तो प्लेअर पहिल्या दिवसापासून कापडी आवरणाखाली राहिला आहे. मी विचारले की जुन्या ब्लू-रे व्यवस्थित चालतात, डीव्हीडी चालतात, गाण्याच्या सीडी चालतात. मग लेन्स खराब कशी? या प्लेअरमध्ये सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा आणि ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटरचा असे वेगवेगळे लेसर असतात. निळा-जांभळा लेसर गेला असता तर दहाच्या दहा ब्लू-रे बंद पडायला हव्या होत्या. त्यावर "साहेब, तुम्हाला करायचं नसेल तर घेऊन जा" एवढेच उत्तर मिळाले.

मी ४५० रुपये भरून प्लेअर घरी आणला. ब्लू-रेच्या डिस्कला नकलेपासून जपणारी सांकेतिक कुलपे असतात, त्यांच्या किल्ल्या ठरावीक काळाने बदलतात, आणि नव्या डिस्कसाठी प्लेअरचे फर्मवेअर (त्याच्या आतले सॉफ्टवेअर) नवे करावे लागते, हे मी वाचले होते. आमचा प्लेअर इंटरनेटला कधी जोडलेलाच नव्हता. पुतण्याने कंपनीच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवली, एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर घातली, प्लेअरमध्ये लावली, आणि सात-आठ मिनिटांनी तीच डिस्क सुरू झाली. दुरुस्तीचा खर्च शून्य. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, बिलाची प्रत आणि चालणाऱ्या डिस्कची चित्रफीत जोडली, आणि तेविसाव्या दिवशी पैसे परत आले. रकमेसाठी मी हे केले नाही असे म्हणणार नाही, ४५० रुपयांत एक सवलतीची डिस्क येते. पण ज्याला हे फर्मवेअर प्रकरण ठाऊक नसेल असा माणूस ४,२०० रुपये भरून आला असता, याचा संताप मला अजून आहे. डिस्क अडली तर प्लेअर उघडू देण्याआधी फर्मवेअर पाहा.

उरलेल्या बाबी थोडक्यात. कोणती डिस्क कोणत्या देशांत चालावी यासाठी ब्लू-रेचे विभाग पाडलेले आहेत, आणि भारत 'सी' विभागात येतो. भाचीने अमेरिकेहून आणलेली 'ए' विभागाची डिस्क आमच्या प्लेअरने घेतली नाही. म्हणून परदेशातून कोणी विचारले तर विभागाचे अक्षर आधी सांगावे. ब्लू-रेची माहिती पृष्ठभागाखाली केवळ ०.१ मिलिमीटरवर असते, डीव्हीडीची ०.६ मिलिमीटरवर, त्यामुळे वरच्या कठीण थराला जपावे लागते. तरी आमच्या अकरांपैकी एकीवरही ओरखडा नाही. नवे प्लेअर मिळणे कमी होत चालले आहे: ओप्पोने २०१८ मध्ये हे उत्पादन थांबवले आणि सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेच्या बाजारासाठी नवे मॉडेल काढणे सोडले. हा धोका खरा आहे आणि तो पत्करूनच खरेदी करावी लागते. स्ट्रीमिंगने काम भागते असे पुष्कळजण म्हणतात. मात्र आम्ही ज्या गीतासाठी एक सेवा घेतली होती, तो चित्रपट चार महिन्यांत तिथून गेला, आणि वर्गाच्या मध्यावर शिक्षिकेला असे चालत नाही.

चौदा पाल डीव्हीडींपैकी चार चित्रपटांच्याच ब्लू-रे मला मिळण्याजोग्या आढळल्या. तीन घेतल्या, तिन्ही २४ चौकटींच्या आहेत, आणि गाण्याचा वर्ग आता पेटी उघडी ठेवून चालतो. चौथीच्या मागच्या बाजूचे छायाचित्र परवा आले. त्यावर ५० लिहिलेले आहे, म्हणून ती मागवलेली नाही. बाकीच्या अकरा डीव्हीडींवर पत्नीने कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवून त्यांवर लिहिले आहे: "स्वर चढा. शिकवण्यासाठी लावू नये."